‘बिग रेड बॉक्स’ चालते, मग ‘रेड बिग बॉक्स’ का चालत नाही?

रेघोटी
नमस्कार. मराठीतला माहितीपर मजकूर इंग्रजीत नेण्याचे काम मी करते. माझ्या मजकुरावर शेवटचा हात फिरवणाऱ्या संपादक जन्माने इंग्रजी भाषक आहेत. काळ, वचन, उपपदे यांत त्या फारसे काही काढत नाहीत, पण विशेषणांची अदलाबदल मात्र सतत करतात. मी ‘वुडन ओल्ड टेबल’ लिहिले की त्याचे ‘ओल्ड वुडन टेबल’ होते आणि ‘रेड बिग बॉक्स’चे ‘बिग रेड बॉक्स’ होते. कारण विचारले तर ते कानाला बरे वाटत नाही, एवढेच उत्तर मिळते.

व्याकरणाच्या पुस्तकांत एक साखळी दिलेली असते: आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, उगम, द्रव्य आणि नामाला अगदी चिकटून उपयोग. ती मी पाठ केली आहे, परंतु कारण ठाऊक नसताना पाठ केलेली गोष्ट लिहिण्याच्या ओघात आठवत नाही. माझा प्रश्न असा की हा खरोखर नियम आहे की नुसती निरीक्षणांची यादी, आणि त्यामागे एखादे तत्त्व असेल तर ते कोणते? शिवाय ‘समथिंग न्यू’ किंवा ‘अटर्नी जनरल’ यांत विशेषण नामानंतर कसे काय येते, हेही कोणी उलगडून सांगितले तर बरे होईल.

तिरकस
इंग्रजांना रांगेत उभे राहण्याची फार हौस. विशेषणे तरी त्यातून कशी सुटावीत?

जुनाजाणता
रेघोटी, यादीच्या मागे तत्त्व आहे आणि ते यादीपेक्षा सोपे आहे. हेन्री स्वीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या इंग्रजी व्याकरणात त्याची दिशा दाखवली होती: अर्थाने जे विशेषण नामाशी अधिक घट्ट जोडलेले असते ते नामाच्या अधिक जवळ बसते. टेबल लाकडाचे असणे ही त्या टेबलाची घडण आहे. ते जुने असणे ही काळाने त्याला आणलेली अवस्था आहे. ते सुंदर असणे हे तर पाहणाऱ्याचे मत झाले. म्हणून ‘ब्युटिफुल ओल्ड वुडन टेबल’ हा क्रम बाहेरून आत, म्हणजे बोलणाऱ्याच्या मतापासून वस्तूच्या घडणीपर्यंत जातो.

हीच गोष्ट ग्रेगरी स्काँट्रास, ज्युडिथ डेगेन आणि नोआ गुडमन या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजून दाखवली. कोणते विशेषण किती व्यक्तिनिष्ठ आहे, हे त्यांनी लोकांना ठरवायला सांगितले आणि विशेषणांच्या कोणत्या जोड्या कोणत्या क्रमाने बऱ्या वाटतात, हे स्वतंत्रपणे विचारले. अधिक व्यक्तिनिष्ठ विशेषण नामापासून अधिक दूर राहते, असे त्यांना आढळले. याची कसोटी घरबसल्या घेता येते. एखादी पेटी सुंदर आहे की नाही यावर दोघांचा वाद रंगू शकतो, मोठी आहे की नाही यावर थोडा कमी, लाल आहे की नाही यावर क्वचितच, आणि लाकडी आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांपैकी एकाने चष्मा बदलावा हे उत्तम. वाद जितका जास्त, तितके ते विशेषण नामापासून लांब. आठ खणांची यादी विसरलात तरी एवढे पुरते.

अर्धविराम
हे तत्त्व पटते, पण ते सर्वत्र लागू पडत नाही. परीकथांतला ‘बिग बॅड वुल्फ’ पाहा. ‘बॅड’ हे उघडउघड मत आहे आणि ‘बिग’ हे आकारमान. यादीप्रमाणे आणि जुनाजाणता यांच्या कसोटीप्रमाणेही तो ‘बॅड बिग वुल्फ’ व्हायला हवा होता.

जुनाजाणता
रास्त आक्षेप आहे. त्यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर नादाचे आहे. ‘टिक-टॉक’, ‘डिंग-डाँग’, ‘झिग-झॅग’ अशा जोड्यांत इंग्रजी ‘इ’चा स्वर आधी ठेवते आणि ‘अ‍ॅ’ किंवा ‘ऑ’ नंतर, त्यामुळे ‘बिग बॅड’ जिभेला सरळ जाते. दुसरे उत्तर अर्थाचे आहे आणि मला तेच अधिक पटते. त्या कथांत ‘बॅड वुल्फ’ हा लांडग्याचा एक प्रकारच ठरून गेलेला आहे. तिथे ‘बॅड’ मत राहिलेले नाही, नाव झाले आहे, आणि नावाचा भाग नामाला चिकटणारच.

अर्धविराम
दुसरे उत्तर जरा सोयीचे वाटते. जो शब्द नियमात बसत नाही त्याला नावाचा भाग ठरवायचे, म्हणजे नियम कधी मोडणारच नाही. मी नादाच्या बाजूने.

मात्रावेलांटी
मुळात मराठीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण मराठीत शब्दक्रम मोकळा आहे. ‘मोठी लाल पेटी’ म्हणा की ‘लाल मोठी पेटी’, काहीही बिघडत नाही. इंग्रजीनेच हे अवडंबर माजवले आहे.

शब्दपारखी
मात्रावेलांटी, तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वाक्यातला क्रम मराठीत मोकळा आहे, कारण कर्ता कोण आणि कर्म कोण हे प्रत्यय सांगतात. ‘रामाने साप मारला’ आणि ‘साप रामाने मारला’ यांत मारणारा बदलत नाही. विशेषणांचे मात्र तसे नाही. ‘लाकडी सुंदर जुन्या तीन त्या पेट्या’ हे मोठ्याने म्हणून पाहा आणि मग ‘त्या तीन सुंदर जुन्या लाकडी पेट्या’ म्हणा. दुसरे वाक्खंड कोणी शिकवलेले नसूनही आपण सारे तसेच बोलतो.

भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक सार्वत्रिकांच्या, म्हणजे जगभरच्या भाषांत सारख्या आढळणाऱ्या गोष्टींच्या यादीत विसाव्या क्रमांकाचे विधान याच विषयावरचे आहे. दर्शक सर्वनाम, संख्यावाचक आणि गुणविशेषण नामाच्या आधी येत असतील, तर ती नेहमी याच क्रमाने येतात. नामानंतर येत असतील, तर क्रम तोच किंवा नेमका उलटा असतो. पुढच्या संशोधनाने या विधानाच्या दुसऱ्या भागाला बरेच अपवाद जोडले, पहिला भाग मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. तेव्हा ‘त्या तीन जुन्या पेट्या’ आणि ‘दोज थ्री ओल्ड बॉक्सेस’ यांचे साम्य हा योगायोग नाही.

‘लाल मोठी पेटी’ चालते हे मान्य, पण ती केव्हा चालते? समोर अनेक मोठ्या पेट्या असून त्यांतली लाल हवी असेल आणि ‘लाल’वर जोर दिला, तरच. त्या प्रसंगी ‘रेड’वर आघात देऊन इंग्रजी भाषकही ‘द रेड बिग बॉक्स’ म्हणतात. लिहिताना आघात दिसत नाही, म्हणून रेघोटी यांच्या संपादकांना ते खटकत असावे.

मुद्रितशोधक
प्रत्ययांचा विषय निघालाच आहे तर क्रमाचे ओझे इंग्रजीवर एवढे का पडते, तेही पाहू.

‘ओल्ड बुक शॉप’ या तीन शब्दांत जुने काय आहे, पुस्तके की दुकान? लिहिलेल्या इंग्रजीत हे कळायला मार्ग नाही. ‘ओल्ड-बुक शॉप’ असा संयोगचिन्हाचा आधार घ्यावा लागतो, नाहीतर रचना बदलावी लागते. मराठीत ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘जुने पुस्तकांचे दुकान’ यांत एका सामान्यरूपाने निकाल लागतो. ‘जुन्या’ हे रूप पुढच्या प्रत्यय लागलेल्या नामाशी बांधलेले आहे आणि ‘जुने’ हे थेट दुकानाशी.

ही सोय जुन्या इंग्रजीतही होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे प्रत्यय लागत आणि वाक्यातला क्रमही आजच्यापेक्षा सैल होता. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत विशेषणाचे ते सारे प्रत्यय झडून गेले. नाते दाखवायला प्रत्यय उरला नाही, म्हणून ते काम शब्दाच्या जागेकडे आले. तेव्हा मात्रावेलांटी ज्याला अवडंबर म्हणतात, ती माझ्या मते गळून गेलेल्या प्रत्ययांची भरपाई आहे.

तिरकस
आपल्या अविकारी विशेषणांचे काय करायचे? ‘प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक’ यात प्राचीन कोण, हे आजवर कोणत्याही विद्यार्थ्याने उघडपणे विचारलेले नाही.

मुद्रितशोधक
तिरकस, विनोदात मुद्दा नेमका पकडलात. ‘प्राचीन’, ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’ अशी न बदलणारी विशेषणे आली की मराठीही इंग्रजीच्याच अडचणीत सापडते आणि मग आपणही जागा बदलतो: ‘इतिहासाचे प्राचीन प्राध्यापक’. असे छापून आले तर पुरवणीची जबाबदारी माझी नाही.

मोडीवाचक
रेघोटी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहितो.

‘अटर्नी जनरल’, ‘कोर्ट मार्शल’, ‘हेअर अपेरंट’, ‘नोटरी पब्लिक’ या पदांचा क्रम फ्रेंच आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार आणि न्यायालये यांत त्यांची फ्रेंच शिरली, आणि त्या भाषेत बहुतेक विशेषणे नामानंतर येतात. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 मध्ये झाला, पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, यावरून त्या भाषेची पकड लक्षात यावी. भाषा गेली, पदनामे तशीच राहिली.

याचा व्यावहारिक परिणाम अनेकवचनात दिसतो. यांत नाम पहिले असल्यामुळे अनेकवचनाचा प्रत्यय त्यालाच लागतो: ‘अटर्नीज जनरल’, ‘कोर्ट्स मार्शल’, ‘सेक्रेटरीज जनरल’. बोलण्यात ‘अटर्नी जनरल्स’ही ऐकू येते, पण औपचारिक लेखनात पहिले रूप ठेवावे. ‘मेजर जनरल’चे मात्र ‘मेजर जनरल्स’ होते, कारण लष्करी हुद्द्यात ‘जनरल’ हेच आता नाम झाले आहे.

‘समथिंग न्यू’ची गोष्ट निराळी आहे. ‘समथिंग’, ‘नोबडी’, ‘एनीवन’ या शब्दांत ‘सम’, ‘नो’, ‘एनी’ हे निश्चितिदर्शक (नामाआधी येऊन ते कोणते किंवा किती हे सांगणारे शब्द) आणि नाम एकजीव झाले आहेत. विशेषणाला बसायला मधली जागाच उरलेली नाही, म्हणून ते बाहेर येते. ‘सम न्यू थिंग’ असे सुटे लिहिले की ते पुन्हा आपल्या जागी जाते.

अक्षरओळख
मला ‘अ’ने सुरू होणाऱ्या विशेषणांनी छळले आहे. ‘द चाइल्ड इज असलीप’ बरोबर, पण ‘अॅन असलीप चाइल्ड’ चूक. असे का, ते कोणी सांगेल काय?

शब्दपारखी
आपल्या व्याकरणात अधिविशेषण आणि विधिविशेषण असा भेद आहे: ‘शहाणा मुलगा’ हे पहिले आणि ‘मुलगा शहाणा आहे’ हे दुसरे. बहुतेक विशेषणे दोन्ही कामे करतात. ‘असलीप’ आणि ‘अलाइव्ह’ मात्र केवळ विधिविशेषणे आहेत, आणि याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. त्यांतला आरंभीचा ‘अ’ म्हणजे झिजलेले ‘ऑन’ हे अव्यय. ‘असलीप’ म्हणजे मुळात ‘झोपेत’ आणि ‘अलाइव्ह’ म्हणजे ‘जीवनात’. ‘झोपेत मूल’ असे आपणही म्हणत नाही, ‘झोपेतले मूल’ म्हणतो. इंग्रजीला तो ‘-तले’ नाही, म्हणून ‘स्लीपिंग चाइल्ड’ असा वेगळा शब्द घ्यावा लागतो. मात्र अशा विशेषणामागे दुसरा शब्द जोडला तर वाट थोडी मोकळी होते आणि ‘अ हाफ-असलीप चाइल्ड’ सहज चालते. ‘अफ्रेड’ आणि ‘अलोन’ यांचा जन्म वेगळा आहे, पण तीही याच पंगतीत बसली.

नीरक्षीर
अनुवाद करणाऱ्यांनी यापेक्षा जास्त सांभाळायचे ते असे शब्द, जे दोन्ही जागी चालतात आणि जागेप्रमाणे अर्थ बदलतात. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेला हजर असलेले सदस्य आणि ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे विद्यमान सदस्य. सभेचे इतिवृत्त इंग्रजीत नेताना इथे गफलत झाली, तर गणसंख्येचा अर्थच फिरतो. ‘द पीपल कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित माणसे आणि ‘कन्सर्न्ड पीपल’ म्हणजे चिंतेत पडलेली माणसे. ‘द पर्सन रिस्पॉन्सिबल’ म्हणजे त्या गोष्टीला कारणीभूत किंवा जबाबदार असलेली व्यक्ती, तर ‘अ रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे जबाबदारीने वागणारी व्यक्ती, आणि या दोन व्यक्ती बहुधा एक नसतात.

यामागचे सूत्र भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी 1967 मधल्या एका लेखात मांडले आहे. नामाआधीचे विशेषण त्या वस्तूचा कायमचा स्वभाव सांगते आणि नामानंतरचे विशेषण त्या प्रसंगापुरती अवस्था सांगते. ‘द व्हिजिबल स्टार्स’ म्हणजे मुळात डोळ्यांना दिसू शकणारे तारे, आणि ‘द स्टार्स व्हिजिबल’ म्हणजे त्या घटकेला दिसत असलेले तारे. आकाश ढगाळ असेल तर पहिले तसेच राहतात आणि दुसरे शून्यावर येतात.

मात्रावेलांटी
मराठीचा मोकळेपणा मी अजून सोडलेला नाही, पण नीरक्षीर यांचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे.

थोडे अवांतर, पण क्रमाविषयीच. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हे फार ऐकू येते. त्याचे मूळ मला मराठीत दिसते. ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे, ते मला माहीत नाही’ यांत आपला प्रश्नखंड तसूभरही हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न पोटवाक्यात गेला की तो प्रश्न राहत नाही आणि त्याचा क्रम साध्या विधानाचा होतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. आपण प्रश्नाचा क्रम एकदा शिकतो आणि तो पोटवाक्यातही जसाच्या तसा नेतो.

मुद्रितशोधक
याच्या जोडीला ‘ओन्ली’ ठेवा. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यावर जोर पडतो: ‘मीच त्याला काल पाहिले’, ‘मी त्यालाच काल पाहिले’, ‘मी त्याला कालच पाहिले’. आपण तो ‘च’ इंग्रजीत शब्दाच्या शेपटीला लावतो आणि ‘यस्टरडे ओन्ली’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत ‘ओन्ली यस्टरडे’ असे शब्दाआधी किंवा क्रियापदाआधी लिहिणे अपेक्षित असते. क्रियापदाआधीचा ‘ओन्ली’ कोणत्या शब्दावर जोर देतो, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, म्हणून करारमदारात तो ज्या शब्दाचा आहे त्याच्या थेट आधी ठेवलेला बरा.

तिरकस
म्हणजे एका अक्षराचे काम त्यांना एवढ्या कसरतीने करावे लागते. ‘च’ निर्यात करायला हरकत नाही.

रेघोटी
सर्वांचे मनापासून आभार. जुनाजाणता यांच्या वादाच्या कसोटीवर मी माझे जुने मजकूर तपासले आणि संपादकांनी केलेले बहुतेक बदल तिच्यात बसले. दोन शंका उरल्या आहेत. विशेषणांमध्ये स्वल्पविराम केव्हा द्यायचा? आणि एका नामामागे चार-पाच विशेषणे लागतात, तेव्हा काय करावे? मराठी मूळ मजकुरात अशी वाक्ये पुष्कळ असतात.

अर्धविराम
स्वल्पविराम हा माझा धाकटा भाऊ असल्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. दोन विशेषणे एकाच पातळीवरची असतील, म्हणजे त्यांच्यामध्ये ‘अँड’ घालता येत असेल आणि त्यांची अदलाबदल करूनही वाक्य बिघडत नसेल, तर स्वल्पविराम द्यावा: ‘अ टायर्ड, इरिटेबल मॅन’. ती वेगवेगळ्या पातळीवरची असतील तर देऊ नये: ‘अ लार्ज वुडन बॉक्स’. इथे ‘वुडन लार्ज’ होत नाही आणि ‘लार्ज अँड वुडन बॉक्स’ही कोणी म्हणत नाही. दोन रंग एकत्र आले तर ‘अँड’ हवाच: ‘अ ब्लॅक अँड व्हाइट फ्लॅग’. मात्र हीच विशेषणे क्रियापदानंतर गेली की ‘द बॉक्स वॉज लार्ज, रेड अँड वुडन’ अशी सरळ यादी होते आणि क्रमाची सक्ती बरीच ढिली पडते.

नीरक्षीर
चार-पाच विशेषणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती नामाआधी ठेवूच नयेत. इंग्रजी लेखक नामाआधी तीनपेक्षा अधिक विशेषणे क्वचितच ठेवतो, त्यामुळे आठ खणांची यादी पूर्ण भरण्याची वेळ फक्त परीक्षेत येते. द्रव्य आणि उपयोग नामाआधी राहू द्यावेत, मत हवेच असेल तर एक ठेवावे आणि उरलेला तपशील ‘विथ’ने, ‘मेड इन’ने किंवा स्वतंत्र वाक्याने नामानंतर न्यावा. मापे असतील तर ‘अ टेन-फुट वॉल’ किंवा ‘अ वॉल टेन फीट हाय’ यांपैकी एक निवडावे. पहिल्यात ‘फुट’ एकवचनात राहते, जसे आपण ‘दहा फुटी भिंत’ म्हणतो, आणि दुसऱ्यात ते ‘फीट’ होते. ‘टेन-फीट वॉल’ ही या दोहोंची खिचडी मी फार ठिकाणी पाहिली आहे.

मोडीवाचक
नीरक्षीर यांच्याशी एका बाबतीत मतभेद. ‘मेड इन’ आणि ‘विच इज’ यांची माळ लावली की वाक्य सरकारी पत्रासारखे होते. त्यापेक्षा अनावश्यक विशेषण काढून टाकावे. मूळ लेखक विचारायला आलाच, तर अनुवादाच्या मर्यादांवर बोट ठेवावे.

अक्षरओळख
शब्दपारखी यांना एक प्रश्न. तुम्ही म्हणालात की संख्या आधी आणि गुणविशेषण नंतर, हा क्रम पक्का आहे. मग ‘वी स्पेंट अ ब्युटिफुल थ्री डेज देअर’ या वाक्यात ‘ब्युटिफुल’ संख्येच्या आधी कसे आले? शिवाय ‘डेज’ अनेकवचनी असून त्याआधी ‘अ’ लागला आहे. हे वाक्य चूक आहे काय?

शब्दपारखी
वाक्य बरोबर आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन विचित्र गोष्टी एकमेकींचे स्पष्टीकरण देतात. इथे ‘थ्री डेज’ हे तीन सुटे दिवस नसून काळाचा एक अखंड तुकडा आहे. तुकडा एक, म्हणून त्याला ‘अ’ लागतो. विशेषण त्या सबंध तुकड्याचे आहे, म्हणून ते संख्येच्याही बाहेर बसते. ‘थ्री ब्युटिफुल डेज’ म्हटले तर प्रत्येक दिवस वेगवेगळा सुंदर होता. ‘अॅन अॅडिशनल टू वीक्स’ हीदेखील याच घाटाची रचना आहे. इथे विशेषण एकेका दिवसाचे वर्णन करत नसल्यामुळे ग्रीनबर्ग यांचे विधान मोडले असे मी म्हणणार नाही. अर्धविराम यांना हे पुन्हा सोयीचे वाटेल, याची कल्पना आहे.

मराठीतही ही जागा आहे. ‘तिथे तीन चांगले दिवस गेले’ आणि ‘तिथे चांगले तीन दिवस गेले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात दिवस चांगले होते. दुसऱ्यात दिवस कसेही असोत, ते पुरते तीन होते आणि बोलणारा बहुधा वैतागलेला आहे. इंग्रजीत ‘थ्री गुड डेज’ आणि ‘अ गुड थ्री डेज’ यांत जवळजवळ हाच फरक आहे.

अर्धविराम
सोयीचे वाटलेच. पण ‘चांगले तीन दिवस’ मान्य.